व्हिडिओ बघताना सगळं कळतं, वही उघडली की हात थांबतो. काय करावं?

कृष्णाकाठ
नमस्कार. मुलगी दहावीला आहे, सेमी इंग्रजी. क्लास लावलेला नाही. माझी पतसंस्थेतली वेळ, तिची शाळा आणि क्लासची फी यांचा मेळ बसेना, म्हणून दिवाळीपासून ती गणित आणि विज्ञान यूट्यूबवर बघून शिकतेय. शिकवणारे चांगले आहेत. एक-दोघांचं तर मीही पोळ्या लाटताना मन लावून ऐकते. पण सराव परीक्षेत विज्ञान भाग १ ला ४० पैकी १७ पडले.

परवा मुद्दाम तिच्या शेजारी बसले. भिंगांचा धडा चालू होता. किरण कसा येतो, भिंगातून जाताना कसा वाकतो, प्रतिमा कुठे पडते, सगळं रंगीत बाणांनी दाखवलं होतं. ती मान डोलवत होती. संपल्यावर विचारलं, कळलं का? म्हणाली, हो. मी मोबाईल पालथा ठेवला आणि म्हटलं, आता तू काढ. तिने बहिर्गोल भिंग काढलं, मुख्य अक्ष ओढला, दोन्ही बाजूंना नाभी (अक्षाला समांतर आलेले किरण भिंगातून गेल्यावर जिथे मिळतात ते बिंदू) मांडल्या, आणि पेन्सिल तिथेच थांबली. पहिला किरण कुठून काढायचा तेच सुचेना. डोळ्यांत पाणी आलं. "आई, मला खरंच कळलं होतं गं."

ती खोटं बोलत नाही, मला माहीत आहे. म्हणूनच जास्त काळजी वाटते. बोर्डाला अजून थोडा वेळ आहे. तुमच्याकडे कुणी व्हिडिओवरून नीट शिकलं असेल तर कसं, ते सांगा.

निशिगंध
अगदी हेच आमच्याकडे. धडा तेवढा वेगळा, रासायनिक समीकरणं संतुलित करणं. वाचत राहते.

खडूफळा
ताई, मुलगी खरंच खोटं बोलत नाही. तिला शिकवणाऱ्याचं बोलणं कळलं होतं. धडा कळणं ही त्याच्या पुढची पायरी, आणि ती तिच्याकडून कुणी करून घेतली नाही, एवढंच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवतो. वर्गात लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही आहे. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी ॲपवरचे व्हिडिओ दाखवतो, पण मुलांना सर्वांत जास्त आवडतात ते विज्ञान खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांचे, पुण्याला आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत केलेले. दोन-तीन मिनिटांचे, मराठीतही आहेत, आणि सामान टाकाऊतलं.

गेल्या वर्षी त्यातली मोटर केली. एक मोठा सेल, सायकलच्या ट्यूबचं कापलेलं रबर, दोन सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरचं चुंबक, आणि रिवायंडिंगच्या दुकानातून आणलेली, इनॅमलचा वीज अडवणारा थर असलेली तांब्याची तार. चार गट केले. व्हिडिओ तीनदा दाखवला. तिघांची मोटर फिरेना. वेटोळं थरथरायचं, अर्धा फेरा मारायचं आणि माघारी यायचं. पोरं हिरमुसली.

मी जाऊन बघितलं. तारेची टोकं घासताना तिन्ही गटांनी इनॅमल चहूबाजूंनी चकाचक काढलं होतं. व्हिडिओत स्पष्ट दाखवलंय की एक बाजू तशीच सोडायची. सगळ्यांनी ते तीनदा बघितलं होतं. पण का सोडायची हा प्रश्न कुणाला पडला नव्हता, म्हणून हाताने आपल्याला बरोबर वाटलं तेच केलं.

मी उत्तर सांगितलं नाही. वेटोळ्याच्या एका बाजूला लाल लोकर बांधली आणि म्हटलं, हळूच बोटाने फिरवा आणि लाल बाजू कुठे जाते ते बघा. अर्ध्या फेऱ्यानंतर लाल बाजू खालून वर आली. आधी चुंबक तिला ज्या दिशेने ढकलत होतं, विद्युतधारा तशीच चालू राहिली तर आता सगळा धक्का उलटा बसणार. म्हणून त्या अर्ध्या फेऱ्यात विद्युतधाराच बंद पाडायची, ते काम त्या न घासलेल्या इनॅमलचं. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, अर्धा वेळ ती नुसती आधीच्या धक्क्यावरच फिरते?" त्या एका वाक्यासाठी माझे दोन तास गेले आणि ते सार्थकी लागले. दहावीत मोटरच्या आकृतीत दोन अर्ध्या कड्या असतात. त्या विद्युतधारा थांबवत नाहीत, तिची दिशा उलटवतात, पण दुखणं तेच आणि औषध त्याच जातीचं.

आता तुमच्या मुलीसाठी. व्हिडिओत किरण भिंगापर्यंत पोचला की थांबवायचा. पुढचा किरण तिने वहीत काढायचा, चुकीचा का होईना. मग चालू करायचा. आणि त्याआधी, किरण वाकतो हे प्रत्यक्ष बघायला, एक करा. खोलगट वाटीत एक रुपया ठेवा, नाणं काठाआड जाईपर्यंत तिला मागे सरकायला सांगा, तिथेच डोळा स्थिर ठेवायचा आणि तुम्ही वाटीत हळूहळू पाणी ओता. नाणं वर येताना दिसतं. ओतण्यापूर्वी तिला कागदावर लिहायला लावा, काय होईल आणि का. लिहिल्याशिवाय पाणी ओतू नका.

तिसरा_बाक
खडूफळा सरांनी लिहिलंय त्यावर अभ्यास झालेला आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मी एमएस्सीला आहे, भौतिकशास्त्र.

डेरेक म्युलर, ज्याचं व्हेरिटेशियम हे चॅनल आज सगळीकडे बघितलं जातं, त्याने २००८ साली सिडनी विद्यापीठात पीएचडी केली ती याच प्रश्नावर: भौतिकशास्त्र शिकवणारा व्हिडिओ कसा असावा. त्याने विद्यार्थ्यांना आधी चाचणी दिली, मग व्हिडिओ दाखवला, मग पुन्हा तीच चाचणी. स्वच्छ, नेटकं स्पष्टीकरण बघितलेल्या मुलांनी सांगितलं की फार छान, सोपं आणि स्पष्ट होतं. त्यांचे गुण मात्र जेमतेम हलले. डोक्यात आधीच जी चुकीची समजूत होती, तीच व्हिडिओत सांगितली असं त्यांना वाटलं, आणि त्या समजुतीवरचा भरवसा उलट वाढला.

दुसऱ्या प्रकारच्या व्हिडिओत दोघं जण बोलतात. एक जण विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुकीच्या समजुती बोलून दाखवतो, आणि मग दोघं मिळून त्या सोडवतात. तो बघणाऱ्यांनी सांगितलं की गोंधळ उडाला, डोक्याला ताण पडला. पण त्यांचे गुण जवळपास दुप्पट झाले.

माझंच सांगतो. चेंडू सरळ वर फेकला, हातातून सुटला, अजून वर चाललाय. त्यावर कोणती बलं आहेत? न्यूटनचे नियम मला घडाघडा येत होते, तरी बारावीपर्यंत मी मनात धरून होतो की हाताने दिलेलं बल वरच्या दिशेने आहे आणि ते हळूहळू संपत जातं. हवेचा विरोध सोडला तर बल एकच, गुरुत्वाकर्षणाचं, खाली. वर जातोय तो वेग, बल नव्हे. कितीतरी व्हिडिओ बघूनही माझी ही चूक सुटली नाही, कारण एकाही व्हिडिओने मला आधी उत्तर विचारलं नाही. कृष्णाकाठ ताई, डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तुमची मुलगी शिकायला लागली होती. तो क्षण टाळू नका.

निशिगंध
सर, वाटीचा प्रयोग आत्ता केला. नाणं खरंच वर आलं! मुलगा सहावीत आहे, त्याने मला सहा वेळा ओतायला लावलं.

एडिसनकर
मी न्यू जर्सीतून. व्हिडिओंची बाजूही कुणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहिते.

खान अकॅडमी, म्हणजे व्हिडिओंतून फुकट शिकवणारी वेबसाइट, तिची सुरुवात घरातूनच झाली. तिचे संस्थापक सलमान खान (नट नव्हेत) २००४ साली बोस्टनमध्ये नोकरी करत होते आणि न्यू ऑर्लिन्समधल्या नादिया या आपल्या नात्यातल्या बहिणीला फोनवरून गणित शिकवत होते. ती अडली होती एककांच्या रूपांतरात. मग आणखी भावंडं आली, वेळा जुळेनात, म्हणून २००६ पासून व्हिडिओ करून यूट्यूबवर ठेवायला लागले. भावंडांनी सांगितलं की तू प्रत्यक्षापेक्षा यूट्यूबवरच बरा वाटतोस. मला यातलं मर्म कळतं. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, आणि पाचव्यांदा तेच विचारलं म्हणून समोरचा उसासा टाकत नाही. लाजणाऱ्या मुलासाठी हे फार मोठं आहे. माझा मुलगा तसाच आहे.

पण आमच्याकडे खरी मदत झाली ती आजोबांची. दर रविवारी सकाळी, म्हणजे कराडला संध्याकाळी, तो आठवड्यात बघितलेलं आजोबांना मराठीत सांगतो. शब्द अडले तर मी पुरवते. त्या दिवशी विषय होता स्लोप. मी म्हटलं, मराठीत चढ. आजोबांनी विचारलं, घाटात असतो तोच का? हा म्हणाला, हो, आडवं किती गेलो आणि त्यात उभं किती चढलो, त्याचं गुणोत्तर. आजोबा म्हणाले, मग घाट उतरताना? हा जरा थांबला आणि म्हणाला, ऋण. आणि सपाट रस्ता? शून्य. आणि सरळ उभा कडा असला तर?

इथे गाडी अडली. याने कागदावर मांडलं. उभं अंतर आहे, आडवं शून्य. शून्याने भागायचं? माझ्याकडे बघायला लागला. मी गप्प राहिले. फोन ठेवून तो तोच व्हिडिओ परत बघायला गेला, आणि या वेळी त्याला एकच गोष्ट शोधायची होती: कड्याचा चढ का सांगता येत नाही. चार दिवस आधी ते वाक्य त्याच्या कानांवरून गेलं होतंच.

आजोबा वाणिज्य शाखेचे. त्यांना भूमिती येत नाही, आणि म्हणूनच ते खरे प्रश्न विचारतात.

खडूफळा
एडिसनकर ताई, कड्याचा प्रश्न उद्या वर्गात विचारतो. आमच्या शाळेच्या मागेच कडा आहे.

पाना_पेचकस
माझा अनुभव मोठ्या वयाचा आहे. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला आलो आणि गणित एकदम अंगावर आलं. तेव्हा एनपीटीईएलने तारलं. २००३ साली सात आयआयटी आणि बेंगळुरूची आयआयएस्सी यांनी मिळून सुरू केलेला व्हिडिओ व्याख्यानांचा उपक्रम. फळ्यासमोर उभे प्राध्यापक, तासाभराचं व्याख्यान, सजावट काही नाही. होस्टेलच्या संगणकावर उतरवून घ्यायचो आणि रात्री बघायचो.

पहिलं वर्षभर मी नुसती व्याख्यानं ऐकली. चाळीसच्या चाळीस ऐकून झाली की पदवी मिळाल्यासारखं वाटायचं, आणि पेपरात बीमच्या बेंडिंग मोमेंटची आकृती काढता यायची नाही. पुढे नोकरीत असताना तिथलाच एक बारा आठवड्यांचा कोर्स रीतसर नाव नोंदवून केला. बघायला पैसे नाहीत, शेवटच्या परीक्षेला फी असते, आणि ती परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. पण दर आठवड्याला असाइनमेंट आणि तिची मुदत. त्या मुदतीने मला शिकवलं. बुधवारी रात्री जो प्रश्न सुटत नव्हता, त्याच्यासाठी मी व्याख्यानातली नेमकी सात मिनिटं शोधून बघायचो. आधी उलटं करत होतो, सगळं बघून मग प्रश्नाकडे जायचं.

घरी मुदत कोण घालणार हा प्रश्न आहे. कृष्णाकाठ ताईंनी ती घालावी असं सुचवतो. रोज एक गणित, रात्री नऊच्या आत, तुमच्यासमोर.

रानपाखरू
एक इशारा देते, म्हणजे दुसरं कुणी फसू नये. एका कंपनीचा माणूस घरी आला, मुलाची दहा मिनिटांची परीक्षा घेतली, "पाया कच्चा आहे" म्हणाला आणि टॅबसकट तीन वर्षांचा कोर्स हप्त्यांवर गळ्यात मारला. व्हिडिओ दिसायला अप्रतिम होते. मुलाने दीड महिना बघितले. हप्ते मात्र पूर्ण भरावे लागले. सही करण्याआधी फुकटातले महिनाभर वापरून बघा, हे कळकळीने सांगते.

आबा_निवृत्त
मी ३४ वर्षं माध्यमिकला गणित शिकवलं. नातीमुळे हे व्हिडिओ बघतो. काही शिक्षक फार तळमळीने शिकवतात, मला त्यांचा आदर आहे. पण "पाच सेकंदांत उत्तर", "ही ट्रिक शाळेत सांगणार नाहीत" असल्या व्हिडिओंनी मुलांचं नुकसान होतंय, हे मला स्पष्ट सांगावंसं वाटतं.

पूर्ण वर्ग पद्धतीचं उदाहरण घ्या. क्षचा वर्ग अधिक ६क्ष बरोबर १६. व्हिडिओत सांगतात, मधल्या सहगुणकाचं अर्ध करा, वर्ग करा, दोन्हीकडे मिळवा. नात तसं करते, उत्तर येतं. मी विचारलं, नऊच का मिळवले? म्हणाली, नियम आहे.

मग आम्ही जुन्या कॅलेंडरचा पाठकोरा कागद घेतला. क्ष बाजूचा एक चौरस कापला. ६क्ष म्हणजे क्ष लांबीची आणि ६ रुंदीची पट्टी. ती उभी दुभागली, तीन-तीन रुंदीच्या दोन पट्ट्या झाल्या. एक चौरसाच्या उजवीकडे चिकटवली, एक खाली. मोठा चौरस होता होता राहिला. कोपऱ्यात तीन गुणिले तीनची जागा रिकामी. नात स्वतःच म्हणाली, "नऊ इथे बसतात!" वर्ग पूर्ण करणं म्हणजे खरोखरच चौरस पूर्ण करणं. सोळा अधिक नऊ पंचवीस, मोठ्या चौरसाची बाजू पाच, म्हणून क्ष दोन. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने हे असंच चौरस काढून समजावलं आहे. दुसरं उत्तर उणे आठ. ते कागदातून निघत नाही, कारण बाजू ऋण नसते. ते का येतं यावर आमची दुसरी संध्याकाळ गेली.

पहाटेचा_अभ्यास
आबा, तुमचं पटतं, पण आमची बाजूही ऐका. मी बारावीला आहे. एमएचटी सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. तिथे कागद कापत बसता येत नाही. झटपट रीत माहीत नसेल तर येणारे प्रश्नही राहून जातात. आमच्या तालुक्यात सीईटीचा क्लास नाही, या व्हिडिओंवरच सगळी मदार आहे. त्यांना सरसकट वाईट म्हटलं की फार लागतं.

आबा_निवृत्त
बाळा, तुझं म्हणणं रास्त आहे आणि माझं वाक्य सरसकट झालं. परीक्षेत वेग लागतोच. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी कागद कापलेला असला की मग सूत्र पाच सेकंदांत वापर, तुझा हक्क आहे. एक करून बघ: झटपट रीत शिकलास की ती का चालते याच्या तीन ओळी वहीत लिहायच्या. ज्या रीतीच्या तीन ओळी येत नाहीत, ती प्रश्न जरा फिरवला की दगा देते. अडलास तर इथे लिही, मी रोज सकाळी असतो.

पहाटेचा_अभ्यास
हो आबा. पहिली रीत उद्याच लिहितो. त्रिकोणमितीची आहे.

तिसरा_बाक
ज्यांना कागद कापलेला पडद्यावर बघायचाय, त्यांनी ग्रँट सँडरसनचं थ्री ब्लू वन ब्राउन हे यूट्यूब चॅनल बघावं. २०१५ पासून चालू आहे. गणिताची चित्रं हलती करण्यासाठी त्याने स्वतः संगणक प्रणाली लिहिली. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचा चौकोन नसून सगळं प्रतल ताणणं, फिरवणं आहे, हे मला तिथे दिसलं. भाषा इंग्रजी आहे आणि विषय कॉलेजचा, दहावीला घाई नको.

कृष्णाकाठ
तीन आठवडे लिहिलं नाही, कारण करून बघत होतो. सगळ्यांचे मनापासून आभार.

खडूफळा सरांचं ऐकून किरणापाशी थांबवायला लागलो. चौदा मिनिटांच्या व्हिडिओला पाऊण तास लागला. पहिल्या दिवशी ती चिडली. चौथ्या दिवशी माझ्याआधी तीच थांबवायला लागली.

मग माझ्या सासऱ्यांचं वाचायचं भिंग घेतलं. दुपारी खिडकीसमोरच्या भिंतीवर धरलं, तर समोरचं नारळाचं झाड भिंतीवर उलटं, रंगासकट, झावळ्या हलताना. सासरे खुर्चीतून उठून बघायला आले. भिंग आणि भिंत यांतलं अंतर मोजलं, वीस सेंटीमीटर भरलं. झाड लांब, म्हणजे हेच भिंगाचं नाभीय अंतर, भिंगापासून नाभीपर्यंतचं: वीस. मग रात्री दिवे घालवून मेणबत्ती भिंगापासून चाळीसवर ठेवली. तिने आधी लिहिलं, प्रतिमा चाळीसवर, तेवढीच मोठी, उलटी. कागदाचा पडदा पुढेमागे केला, एकेचाळीसवर ज्योत स्पष्ट झाली. ती नुसती बघत राहिली.

मी सहज विचारलं, भिंग अर्धं हाताने झाकलं तर? तिने लिहिलं, अर्धी ज्योत दिसेल. मलाही तसंच वाटत होतं. झाकलं, तर ज्योत अख्खीच, फक्त मंद. पाच मिनिटं आम्ही दोघी गप्प. मग तिने वही ओढली आणि ज्योतीच्या एका टोकापासून भिंगाच्या वर, मध्ये आणि खाली असे तीन किरण काढले. तिन्ही पलीकडे एकाच बिंदूत मिळाले. "आई, प्रत्येक बिंदूचा उजेड अख्ख्या भिंगातून जातो. अर्धं झाकलं तरी उरलेला पोचतोच." हे कुठल्याही व्हिडिओत नव्हतं.

काल शाळेत याच धड्यावर चाचणी झाली, २० पैकी १६. चार गेले ते अधिक-उणे चिन्हांच्या घोळात, ते आता करतोय. आता ती दोन भिंगं जोडून दुर्बीण करायची म्हणतेय, बोर्ड झाल्यावर. वाईत भिंगं कुठे मिळतील?

खडूफळा
चष्म्याच्या दुकानात प्लस एक नंबरचं, फ्रेमसाठी न कापलेलं गोल भिंग मागा. स्वस्तात मिळतं. त्याचं नाभीय अंतर एक मीटर. डोळ्याकडच्या बाजूला घड्याळ दुरुस्तीवाले वापरतात ते भिंग, पाच सेंटीमीटरच्या आसपासचं. शंभर भागिले पाच, वीस पट मोठं दिसेल आणि उलटं दिसेल. नळीसाठी कापड दुकानातली पुठ्ठ्याची लांब नळी चालते, आतून काळा कागद लावा. सूर्याकडे ती कधीही, चुकूनही धरायची नाही, हे तिच्याकडून आधी वदवून घ्या. पहिल्यांदा अष्टमीच्या आसपासचा चंद्र बघा, पौर्णिमेचा नको. सावल्यांमुळे विवरं उठून दिसतात. आणि बघण्याआधी तिने लिहायचं, उलट्या चंद्रावर उजेडाची बाजू कुठे दिसेल.